हिरवं, लाल की निळं? गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्डांची तुलना करायची कशी

"एनव्हिडिया घेऊ की एएमडी?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "मॉनिटर कुठला आहे?" समोरच्याला वाटतं मी उत्तर टाळतोय. पण मॉनिटर, प्रोसेसर आणि खेळायचे गेम कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नसतं. आजवर ओळखीपाळखीच्या लोकांसाठी बरेच पीसी जुळवले. त्यात चुकीची निवड झाली ती बहुतेक वेळा ब्रँड आधी ठरवून मग कार्ड शोधल्यामुळे. म्हणून या लेखात ब्रँडचा प्रश्न मुद्दाम मागे ढकलला आहे. तो येईल, पण त्याच्या वेळेला.

आधी हे ठरवू : ब्रँड म्हणजे कोण?

ग्राफिक्स कार्डावर दोन नावं असतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. पहिलं नाव चिप बनवणाऱ्याचं. गेमिंगच्या बाजारात असे तिघे आहेत. एनव्हिडिया १९९३ मध्ये स्थापन झाली, तिची कार्डं जीफोर्स नावाने येतात. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही जुनी ग्राफिक्स कंपनी विकत घेतली आणि रेडिऑन हे नाव तिच्याकडे आलं. इंटेल २०२२ मध्ये आर्क मालिका घेऊन स्वतंत्र कार्डांच्या बाजारात उतरली. हिरवा, लाल आणि निळा हे या तिघांचे रंग, आणि इंटरनेटवरची भांडणं याच रंगांची.

दुसरं नाव बोर्ड बनवणाऱ्याचं : आसुस, गिगाबाइट, एमएसआय, झोटॅक, सफायर, पॉवरकलर, एक्सएफएक्स, एएसरॉक, स्पार्कल वगैरे. हे लोक चिप विकत घेतात, तिच्याभोवती सर्किट बोर्ड, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) आणि पंखे बसवतात आणि खोक्यावर आपलं नाव छापतात. काही एकाच घराशी बांधलेले असतात. झोटॅक, पॅलिट, पीएनवाय यांची गेमिंग कार्डं एनव्हिडियाचीच. सफायर आणि पॉवरकलर एएमडीचे. आसुस, गिगाबाइट दोन्हीकडे असतात. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० हे मॉडेल घ्या : दोन कंपन्यांच्या ५०७० मध्ये चिप तीच, मेमरी तेवढीच. वेगात फरक पडतो तो दोन-चार टक्क्यांचा.

थोडं विषयांतर : थ्रीडीएफएक्स नावाची कंपनी नव्वदच्या दशकात या धंद्यात सगळ्यांच्या पुढे होती. आधी ती इतरांना चिप विकायची. मग १९९८ मध्ये एसटीबी ही बोर्ड बनवणारी कंपनी घ्यायचं ठरवलं आणि बोर्डही स्वतःच करू लागली. जुने भागीदार तुटले, आणि २००० च्या अखेरीस तिची बरीचशी मालमत्ता एनव्हिडियाच्या पदरात पडली. उलट्या बाजूने, ईव्हीजीए या नावाजलेल्या बोर्ड कंपनीने २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा धंदाच सोडला. चिपवाला आणि बोर्डवाला यांचं नातं हे असं नाजूक असतं.

तर प्रश्न दोन आहेत. कुठली चिप, हा मोठा प्रश्न. त्या चिपचं कुणाचं कार्ड, हा धाकटा प्रश्न. दोन्ही एकाच वेळी सोडवायला गेलात तर एकही नीट सुटत नाही.

पायरी १ : मॉनिटर आणि गेमची यादी

कागद घ्या. वर मॉनिटरचं रिझोल्यूशन (पडद्यावर किती पिक्सेल) आणि रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो, हर्ट्झमध्ये) लिहा. १०८०पी मध्ये दर फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, साधारण २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, १४४०पी मध्ये ३६.९ लाख, आणि ४के मध्ये ८२.९ लाख. म्हणजे ४के हे १०८०पी च्या बरोबर चौपट काम आहे. "४के साठी थोडं मोठं कार्ड लागेल" यातला 'थोडं' हा शब्द किती महागात पडतो ते इथे कळतं.

रिफ्रेश रेटचं गणित वेळेचं आहे. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ एफपीएसला जेमतेम ६.९. साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर दोनशे एफपीएस देणारं कार्ड घेणं म्हणजे तांब्याभर पाण्यासाठी विहीर खणणं.

त्याखाली तुम्ही खरोखर खेळता ते पाच गेम लिहा. "खेळेन कधीतरी" असे नकोत. प्रत्येकापुढे लिहा की तो चुरशीचा ऑनलाइन गेम आहे की देखावे पाहत सावकाश खेळायचा. पहिल्या प्रकारात एफपीएस आणि प्रतिसाद महत्त्वाचा. तिथे लोक सेटिंग मुद्दाम खाली ठेवतात आणि भार प्रोसेसरवर जास्त येतो. दुसऱ्या प्रकारात सगळा ताण कार्डावर. ही यादी पुढे दोनदा लागणार आहे, जपून ठेवा.

पायरी २ : घरातला पीसी काय झेपवेल

नवं कार्ड घेऊनही एफपीएस वाढलं नाही अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. तिचं निदान फुकटात आणि आधीच करता येतं. तुमचा नेहमीचा गेम सुरू करा, एका ठरावीक जागी उभे राहा, एफपीएस लिहून घ्या. मग रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा आणि त्याच जागी पुन्हा बघा. एफपीएस चांगलं वाढलं तर अडथळा कार्डाचा होता. जवळजवळ तेवढंच राहिलं तर प्रोसेसर अडतोय, आणि कुठल्याही रंगाचं कार्ड घेतलंत तरी तो अडणारच. आकडा पाहताना व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या गतीला बांधून ठेवणारं सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद ठेवा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही.

पॉवर सप्लायच्या लेबलवरचे वॉट आणि त्याच्यातून येणाऱ्या केबल मोजा. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॉटपर्यंत देतो, सहा पिनचा जोड आणखी ७५, आठ पिनचा १५०. एनव्हिडियाच्या मोठ्या कार्डांवर सोळा पिनचा छोटा जोड असतो, जो ६०० वॉटपर्यंत वाहून नेतो. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या काही कार्डांवर तो वितळल्याची प्रकरणं गाजली. त्यानंतर त्याची सुधारित आवृत्ती आली. हा जोड शेवटपर्यंत, फट न राहता बसला पाहिजे आणि तोंडापाशीच केबल वाकवू नये. आठ पिनच्या जोडावर एवढी काळजी लागत नाही, आणि मध्यम ताकदीची रेडिऑन कार्डं बहुधा तोच वापरतात. पॉवर सप्लाय जुना असेल तर हा मुद्दा ब्रँडच्या वादापेक्षा वजनदार आहे.

आता जागा. इथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ३५० मिमी लिहिलं होतं, कार्ड ३२० मिमी. आनंदाने घेतलं. पण पुढच्या बाजूला रेडिएटर आणि त्याचे पंखे होते, ते ५२ मिमी खाऊन बसले होते. त्या रात्री कार्ड टेबलावर आणि मी गूगलवर. तेव्हापासून माहितीपत्रकावर विश्वास ठेवत नाही. टेप घेऊन स्लॉटच्या मागच्या पट्टीपासून समोरच्या पहिल्या अडथळ्यापर्यंत मोजतो. जाडीही बघा. मोठी कार्डं तीन स्लॉट सहज अडवतात, आणि बाजूच्या काचेपासून पॉवर केबलला वळायला जागा लागते.

शेवटी मदरबोर्डचा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट (कार्ड ज्या खाचेत बसतं ती) कुठल्या पिढीचा आहे ते लिहून ठेवा. का, ते मेमरीच्या पायरीत कळेल.

पायरी ३ : नावातली गोम

मॉडेलचं नाव ही जाहिरात असते, मोजमाप नव्हे. तिन्ही घरांत हे लागू आहे, पण एनव्हिडियाने यात विशेष प्रावीण्य मिळवलंय असं माझं मत. जीटी १०३० हे कार्ड जीडीडीआर५ आणि नंतर डीडीआर४ अशा दोन मेमऱ्यांत आलं. नाव तेच, मेमरीचा वेग सुमारे एक तृतीयांश. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती ८ जीबीच्या आवृत्तीपेक्षा फक्त मेमरीत कमी नाही. तिच्यात कोअरही (चिपमधले गणित करणारे घटक) कमी आहेत आणि बसही (चिप आणि मेमरी यांच्यातली वाट) अरुंद. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० ची १२ जीबी आवृत्ती जाहीर झाली, तिची चिप १६ जीबीवाल्यापेक्षा बरीच लहान होती. इतका गदारोळ झाला की कंपनीने ती मागे घेतली आणि पुढे आरटीएक्स ४०७० टीआय म्हणून आणली.

एएमडीही धुतल्या तांदळासारखी नाही. आरएक्स ९०६० एक्सटी ८ आणि १६ जीबीत मिळतं, आणि दुकानाच्या यादीत तो आकडा कधी कधी सापडतच नाही. म्हणून तुलना करताना नाव पूर्ण लिहा : मालिका, क्रमांक, मागचा प्रत्यय आणि मेमरी. यातलं एक जरी सुटलं तरी तुम्ही वेगळ्याच कार्डाची परीक्षणं वाचत बसाल.

आणखी एक सापळा म्हणजे वेगवेगळ्या घरांच्या कोअरची संख्या शेजारी मांडणं. एनव्हिडियाचे कोअर आणि एएमडीचे शेडर मोजण्याची पद्धत वेगळी, आतली रचना वेगळी. क्लॉक स्पीडचंही तेच. एकाच कंपनीच्या एकाच पिढीत हे आकडे काही सांगतात, त्यापलीकडे नाही.

मेमरी बसचा आकडाही एकटा फसवतो. आरएक्स ९०७० ची बस २५६ बिट आणि आरटीएक्स ५०७० ची १९२ बिट. पहिल्याची रुंद, म्हणून वेगवान? पहिल्यात जीडीडीआर६ आहे, दर पिनला २० गिगाबिट. दुसऱ्यात जीडीडीआर७, दर पिनला २८. गुणाकार करून आठने भागा : ६४० आणि ६७२ जीबी प्रतिसेकंद. अरुंद बसवालं कार्ड किंचित पुढेच निघालं. त्यात चिपमधला कॅश (छोटी, अतिवेगवान मेमरी) किती, हा तिसरा घटक आलाच.

पायरी ४ : मेमरी किती पुरेल

वेगळ्या कार्डांच्या वादात ज्या एका आकड्याकडे मी सर्वात आधी बघतो, तो हा. कारण बाकीच्या उणिवा सेटिंग खाली करून झाकता येतात. मेमरी भरली की खेळ अडखळतो.

गेममधले टेक्स्चर (भिंती, कपडे यांच्या पृष्ठभागावरची चित्रं), आकार, सावल्या हे सगळं कार्डाच्या मेमरीत असावं लागतं. तिथे मावलं नाही तर उरलेलं पीसीच्या रॅममध्ये जातं आणि लागेल तेव्हा पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने येतं. आरटीएक्स ५०६० टीआयची स्वतःची मेमरी ४४८ जीबी प्रतिसेकंद वेगाने बोलते. पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेवर त्याच्याकडे आठ लेन (समांतर मार्गिका) आहेत. चौथ्या पिढीच्या स्लॉटवर ती वाट एका दिशेने सुमारे १६ जीबी प्रतिसेकंद, तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर जेमतेम ८. हमरस्त्यावरून एकदम पायवाटेवर. म्हणूनच स्लॉटची पिढी लिहून ठेवायला सांगितलं होतं : आठ लेनचं, ८ जीबीचं कार्ड जुन्या मदरबोर्डवर सर्वात वाईट अडकतं.

यातली फसवी गोष्ट अशी की काही गेम अडखळत नाहीत, गुपचूप हलक्या दर्जाचे टेक्स्चर लावतात. एफपीएसचा आलेख सुंदर दिसतो आणि पडद्यावर भिंत मात्र चिखल माखल्यासारखी. परीक्षणात फक्त आलेख असतील तर हे कळतच नाही. व्हिडिओत प्रत्यक्ष चित्र बघा.

माझा ठोकताळा : केवळ हलके ऑनलाइन गेम आणि १०८०पी असेल तर ८ जीबी चालून जातं. नवे मोठे गेम खेळायचे तर १०८०पी ला सुद्धा १२ जीबी धरून चला, १४४०पी ला १२ ही किमान पातळी आणि १६ निवांत. ४के ला १६ च्या खाली बघू नका. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवणं) आणि फ्रेम जनरेशन (सॉफ्टवेअरने मधल्या फ्रेम घालणं) दोन्ही स्वतःची मेमरी वेगळी मागतात, हे लोक विसरतात. एकाच चिपच्या ८ आणि १६ जीबी आवृत्त्यांत निवड करायची असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर मी डोळे झाकून १६ घेईन.

पायरी ५ : बेंचमार्क वाचायची रीत

पहिला नियम : कंपनीच्या सादरीकरणातले आलेख बाजूला ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०७० ची ओळख करून देताना तिची कामगिरी आरटीएक्स ४०९० च्या तोडीची असल्याचं मंचावरून सांगितलं गेलं. तळाशी असलेली अट अशी की त्यात एआयने तयार केलेल्या मधल्या फ्रेम धरल्या होत्या. तसं न करता मोजलं तर ४०९० बरीच पुढे राहते. एएमडी आणि इंटेलही आपल्याला सोयीचे गेम निवडतात. स्वतंत्र परीक्षण करणाऱ्या किमान तिघांचे आकडे बघा.

दुसरा : सरासरी एफपीएसबरोबर 'एक टक्का लो' हा आकडा शोधा. सर्वात संथ एक टक्का फ्रेमांचा वेग त्यातून कळतो. समजा पहिल्या कार्डाची सरासरी ९० आणि एक टक्का लो ७०. दुसऱ्याची सरासरी ९६ पण लो ४१. आलेखात दुसरं वर दिसेल. खेळताना पहिलंच गुळगुळीत वाटेल, कारण डोळ्याला सरासरी दिसत नाही, झटका दिसतो.

तिसरा नियम जरा गणिताचा, पण याने माझे दोन-तीन निर्णय बदलले आहेत. वेगवेगळ्या गेमचे एफपीएस सरळ बेरीज करून तुलना करू नका. उदाहरण घ्या. हलक्या गेममध्ये 'अ' कार्ड ३०० आणि 'ब' ३३० देतं. जड गेममध्ये 'अ' ६० आणि 'ब' ५०. बेरीज केली तर ३६० विरुद्ध ३८०, म्हणजे 'ब' जिंकलं. आता गुणोत्तर काढा : हलक्यात 'ब' १.१० पट, जड गेममध्ये ०.८३ पट. दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की सुमारे ०.९६ येतं. म्हणजे 'ब' साधारण ४ टक्के मागे! हलक्या गेमच्या मोठ्या आकड्यांनी बेरीज फुगवली होती. आणि खरं तर ३०० आणि ३३० मधला फरक तुम्हाला जाणवणारही नाही, ६० आणि ५० मधला नक्की जाणवेल.

आता ती पाच गेमची यादी काढा. परीक्षणातल्या वीस गेमच्या सरासरीऐवजी तुमच्या पाचांची गुणोत्तरं काढा. पाचही सापडणार नाहीत. त्याच गेम इंजिनवरचा दुसरा गेम धरा. काही गेम एका घराच्या कार्डांवर उघडपणे जास्त जोरात पळतात. तुमचे दोन लाडके गेम त्यातले निघाले तर जगाची सरासरी तुमच्या काय कामाची?

आणि किंमत शेवटी जोडा. त्या दिवशी तुम्हाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या किमतीला तुमच्या पाच गेमच्या निकालाने भागा. जाहीर केलेली मूळ किंमत आणि खरी किंमत यांची गाठ क्वचितच पडते, त्यामुळे परीक्षणातला "पैसा वसूल" हा शिक्का त्या दिवसापुरता समजा.

पायरी ६ : घराघरांतला खरा फरक

इथे ब्रँडचा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो. साध्या चित्रणात, म्हणजे रे ट्रेसिंगशिवाय, तिघांची कार्डं आज किमतीच्या मानाने जवळजवळ येऊन उभी राहतात. फरक पडतो तो पुढच्या तीन गोष्टींत.

पहिली अपस्केलिंग. कार्ड कमी रिझोल्यूशनमध्ये चित्र काढतं आणि सॉफ्टवेअर ते मोठं करून देतं. एनव्हिडियाचं डीएलएसएस २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेबरोबर आलं आणि २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून खरंच वापरण्याजोगं झालं. एएमडीचं एफएसआर २०२१ मध्ये आलं. ते कुठल्याही कार्डावर चालायचं, ही त्याची मोठी उदारता, पण हलत्या चित्रात कडा थरथरायच्या. २०२५ मध्ये आरएक्स ९००० बरोबर आलेलं एफएसआर ४ मशीन लर्निंगवर चालतं आणि दर्जात मोठी उडी आहे. मात्र ते अधिकृतपणे याच नव्या पिढीसाठी आणलं गेलं. इंटेलचं एक्सईएसएस आर्कवर चांगलं दिसतं आणि त्याची हलकी आवृत्ती इतरांच्या कार्डांवरही धावते.

जुन्या ग्राहकाला कोण कसं वागवतं, तेही इथे दिसतं. २०१८ च्या आरटीएक्स २०७० ला २०२५ मधलं नवं डीएलएसएस अपस्केलिंग मिळालं. बाजू बदलून बघा : फ्रेम जनरेशन मात्र एनव्हिडियाने आरटीएक्स ४० पासून पुढेच दिलं आणि एकाच्या जागी तीन मधल्या फ्रेम घालणारी आवृत्ती फक्त ५० मालिकेला. दोन्ही घरं नव्या गाजरासाठी नवं कार्ड घ्यायला लावतात. कुठलं गाजर, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट हीच फ्रेम जनरेशन. दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये सॉफ्टवेअर बनावट फ्रेम घालतं. हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यावर प्रतिसाद खऱ्या फ्रेमांच्याच गतीने येतो, वर थोडा उशीर भरीला. मूळ ६०-७० एफपीएस असेल आणि मॉनिटर १६५ हर्ट्झचा असेल तर सुरेख सोय. मूळ ३० असेल तर एफपीएसचा आकडा १२० दिसेल आणि हाताला चिखलात चालल्यासारखं वाटेल. म्हणून तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद ठेवलेलेच आकडे धरा, आणि ती सोय आहे की नाही ही वेगळी नोंद करा.

तिसरी रे ट्रेसिंग. पूर्वी हा चैनीचा मुद्दा होता. आता 'डूम : द डार्क एजेस' सारखे गेम रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसेल तर चालतच नाहीत, त्यामुळे जुनी जीटीएक्स मालिका तिथे बादच. आरएक्स ९००० मध्ये एएमडीने हे अंतर बरंच कमी केलं. पण 'सायबरपंक २०७७' मधल्या पाथ ट्रेसिंगसारखं, म्हणजे पूर्ण प्रकाश रे ट्रेसिंगने काढण्याचं, सर्वात जड काम असेल तर एनव्हिडिया अजून स्पष्ट पुढे आहे. तुम्ही ते सेटिंग खरोखर चालू ठेवणार का, की दहा मिनिटं बघून "वा" म्हणून बंद करणार? प्रामाणिकपणे उत्तर द्या. माझ्या ओळखीतले बहुतेक जण बंद करतात.

इंटेलबद्दल वेगळं सांगायला हवं. आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये १२ जीबी मेमरीसह आलं, आणि कमी बजेटच्या गटात इतकी मेमरी देणं ही कौतुकाची गोष्ट. पण या कार्डांना बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रेझायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय चालू असावी लागते. नसेल तर कामगिरी घसरते. शिवाय २०२५ च्या सुरुवातीला परीक्षकांच्या लक्षात आलं की जुन्या, मध्यम ताकदीच्या प्रोसेसरबरोबर हे कार्ड अपेक्षेपेक्षा मागे पडतं, कारण त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. आणि कमी बजेटचं कार्ड घेणाऱ्याकडेच बहुधा जुना प्रोसेसर असतो. नव्या पीसीत बसवणार असाल तर जरूर विचार करा. सात-आठ वर्षं जुन्या पीसीला संजीवनी म्हणून नको.

ड्रायव्हरची बदनामी दोन्ही मोठ्या घरांची झालेली आहे, आणि दोघांचेही खराब महिने येऊन गेलेत. गेमबरोबर व्हिडिओ संपादन किंवा ब्लेंडरमधलं थ्रीडी काम करत असाल, तर एनव्हिडियाच्या कुडामुळे (गेमखेरीज इतर कामं कार्डावर चालवणारी तिची प्रणाली) पारडं तिकडे झुकतं. लिनक्सवर खेळत असाल तर एएमडीचे मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतात, डोकेदुखी कमी.

पायरी ७ : एक तुलना करून बघू

मॉनिटर १४४०पी, १६५ हर्ट्झ. पॉवर सप्लाय ६५० वॉटचा, आठ पिनचे दोन जोड. पाचापैकी तीन गेम साध्या चित्रणाचे, एक रे ट्रेसिंगवाला, एक ऑनलाइन. समोर आरएक्स ९०७० आणि आरटीएक्स ५०७०.

मेमरी १६ विरुद्ध १२ जीबी. वीज २२० विरुद्ध २५० वॉट. साध्या चित्रणात ९०७० सरासरीने थोडं पुढे, पाथ ट्रेसिंगमध्ये ५०७० पुढे. अपस्केलिंग दोघांकडे चांगलं, पण डीएलएसएस असलेल्या गेमची यादी मोठी. किंमत सारखी असेल तर या माणसाला मी ९०७० सांगेन, मुख्यतः त्या जादा चार जीबीसाठी. त्याच्या पाचातले तीन गेम पाथ ट्रेसिंगचे असते किंवा तो ब्लेंडर वापरत असता, तर ५०७०. आणि दोघांपैकी एक दहा टक्क्यांनी स्वस्त मिळालं तर बहुधा तेच. इतकं हे जवळचं आहे.

पायरी ८ : आता बोर्डवाला निवडा

एकाच कंपनीचं साधं मॉडेल आणि तिचंच वरचं मॉडेल यांत जेवढा फरक असतो, तेवढा दोन कंपन्यांच्या साध्या मॉडेलांत नसतो. म्हणून "अमुक ब्रँड थंड राहतो" या वाक्याला अर्थ नाही. सफायरचं पल्स आणि नायट्रो, किंवा आसुसचं ड्युअल आणि टफ, ही वेगवेगळी कार्डं आहेत. नेमक्या त्या मॉडेलचं परीक्षण शोधा आणि त्यात भाराखालचा आवाज, चिपचं तापमान आणि मेमरीचं तापमान हे तीन आकडे बघा. बायोसचा छोटा खटका असेल तर उत्तम. त्याने कार्ड शांत किंवा वेगवान अशा दोन पद्धतींत चालवता येतं.

कारखान्यात ओव्हरक्लॉक केलेल्या (नेहमीपेक्षा थोड्या जास्त वेगाला लावलेल्या) आवृत्तीला थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही, पण वरचं मॉडेल जेव्हा पुढच्या चिपच्या साध्या मॉडेलाइतकं महाग होतं, तेव्हा थांबा. दिव्यांच्या रोषणाईपेक्षा मोठी चिप केव्हाही बरी.

वॉरंटीचे प्रश्न लेखी विचारा : किती वर्षं, बिलाच्या तारखेपासून की सिरियल क्रमांकावरून, दुसऱ्या मालकाला लागू होते का, हीटसिंक उघडला तर रद्द होते का, आणि दुरुस्तीला कार्ड कुठे पाठवायचं. एकदा माझं एक कार्ड दुसऱ्या देशातून आणलेलं निघालं आणि कंपनीने हात वर केले. सिरियल क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून बघायला दोन मिनिटं लागली असती.

पायरी ९ : कार्ड हातात आल्यावर

घर बदलत असाल, म्हणजे हिरव्यातून लाल किंवा उलट, तर जुना ड्रायव्हर आधी पूर्ण काढा. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे छोटं मोफत साधन विंडोजच्या सेफ मोडमध्ये चालवा, मग पीसी बंद करून कार्ड बदला. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, नव्या कार्डालाच लावली आहे ना ते बघा. हसू नका, हे होतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट पुन्हा तपासा, तो बऱ्याचदा ६० वर परत येतो.

मग जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं साधन उघडून मेमरीचा आकार, बसची रुंदी आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या लेन खोक्यावरच्या आकड्यांशी ताडून बघा. सेकंडहँड कार्ड असेल तर हे दुकानातच, पैसे देण्याआधी. त्यानंतर यादीतला सर्वात जड गेम तासभर चालवा, आधी जिथे उभे राहिला होतात त्याच जागी एफपीएस घ्या. पडद्यावर ठिपके किंवा रंगीत चौकोन, अचानक काळा पडदा, चिपचं सरासरी आणि सर्वात गरम ठिकाणचं तापमान यांत वीस-पंचवीस अंशांहून मोठी तफावत, ही परत करण्याची कारणं आहेत. बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येत असेल तर ती कॉईल व्हाईन. कार्ड बिघडलेलं नसतं, पण त्रास होत असेल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी बदलून मागा, नंतर कुणी ऐकत नाही. एफपीएसची मर्यादा मॉनिटरच्या रिफ्रेश रेटच्या किंचित खाली लावली तर बऱ्याचदा ती शीळ कमी होते, आणि पंखेही शांत होतात.

खोकं, आतला फोम आणि अँटिस्टॅटिक पिशवी माळ्यावर ठेवून द्या, फेकू नका. वॉरंटीत कार्ड पाठवायची वेळ आली की मूळ खोक्याशिवाय ते कुरिअरने धाडणं फार जिकिरीचं होतं.